अण्णांचा एकच शब्द

लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिली एकवीस वर्षे माझे सासरे आणि मी एकमेकांशी थेट असे फारसे बोललोच नाही. भांडण नव्हते, मनात अढीही नव्हती. घरची पद्धतच तशी होती. अण्णांना चहा हवा असला, की ते सासूबाईंना म्हणत, "चहाचं काय झालं विचार तिला," आणि मी चार पावलांवर ओट्यापाशी उभी असूनही सासूबाई माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा सांगत. माझे उत्तरही त्यांच्याच हाती परत जाई. २०१९ साली सासूबाई गेल्या आणि आमच्यातली ही ने-आण बंद पडली. त्यानंतरची दोन-अडीच वर्षे आम्ही "वाढू का?" आणि "वाढ" एवढ्या भांडवलावर काढली. मग २०२२ च्या जूनमध्ये अण्णांना पक्षाघात झाला, त्यात त्यांची वाचा गेली, आणि ज्या माणसाशी मी कधी धड बोलले नव्हते त्याच्या मनातले ओळखण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला ते उठले तेव्हा त्यांचे बोलणे बोबडे येत होते. रात्री कवळी काढून वाटीत ठेवलेली असल्यामुळे सकाळी त्यांचे शब्द नेहमीच थोडे सैल असत. तसेच असेल असे समजून मी कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली, तर ती उजव्या हातातून खाली पडली. तरीही तोंडाची एक बाजू ओघळली आहे हे माझ्या लक्षात यायला आणखी वीस मिनिटे गेली. रुग्णालयात पहिलाच प्रश्न आला, "शेवटचं धड केव्हा पाहिलं होतं?" रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि माणूस झोपेतून उठतानाच झटका घेऊन उठला असेल, तर वेळ मोजतात ती तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. अण्णा आदल्या रात्री दहाला झोपले होते. म्हणजे इंजेक्शनची वेळ ते जागे होण्यापूर्वीच टळून गेली होती आणि कवळीपायी गेलेल्या वीस मिनिटांनी काही बिघडले नव्हते, असे मला तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. ते मला पटले आहे. तरी ती वीस मिनिटे अजून आठवतात.

रुग्णालयातल्या सोळा दिवसांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोचले नव्हते. शरीराची उजवी बाजू त्या भागाच्या ताब्यात असते आणि बहुतेक माणसांची भाषाही तिथेच वसलेली असते, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे ही तिन्ही एकदम गेली. एकदा फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी खाटेच्या पलीकडून मला विचारले, "यांना कळतं का काही?" आणि मी अण्णांच्या देखत उत्तर दिले, "नाही हो, काहीच कळत नाही." अण्णांनी डोळे मिटून घेतले. ते मिटणे झोपेचे नव्हते. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी 'यांना' आणि 'त्यांना' करून बोलायचे नाही, हा पहिला नियम मी त्या दिवशी स्वतःला घालून घेतला. बाकीचे चुकत चुकत शिकावे लागले.

या अवस्थेला वाचाघात म्हणतात. त्यात जीभ किंवा घसा अधू झालेला असतोच असे नाही. मनातल्या गोष्टीसाठी शब्द शोधणे, ते जुळवणे आणि बऱ्याचदा दुसऱ्याने उच्चारलेले शब्द उकलणे, हे काम अडते. बुद्धी, आठवणी, आवडीनिवडी आणि हट्ट ही सगळी मंडळी जागच्या जागी असतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र माणसाचे डोके गेले आहे असेच वाटते, आणि आम्हालाही पहिले काही आठवडे तसेच वाटत होते.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी अण्णांच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द बाहेर पडला, तो होता 'पाळी'. अण्णा १९६९ साली राजापूर तालुक्यातून मुंबईला आले, कापडगिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात, कायम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तोपर्यंत पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी हेच त्यांचे पंचांग होते. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतले नाही. पुढची सगळी वर्षे त्यांनी रखवालदारी केली आणि तिथेही पाळ्याच होत्या. तेव्हा मेंदूत नेमका हाच शब्द शाबूत राहावा यात मला नवल वाटत नाही. अडचण एवढीच, की बायकांच्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ निराळा आहे आणि तोही दबक्या आवाजात उच्चारण्याचा. पाणी हवे, पाळी. पंखा लावा, पाळी. नातू कुठे गेला, पाळी. समाचाराला आलेल्या शेजारणी तोंडाला पदर लावीत, आणि अकरावीतला माझा मुलगा कान लाल करून आतल्या खोलीत जाऊन बसे. इमारतीतली लहान मुले तर त्यांना 'पाळीवाले आजोबा' म्हणू लागली, आणि मुलांना रागवावे की नाही हे मला ठरवता येईना, कारण त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा अजिबात नव्हती.

महिनाभराने आम्ही त्यांना वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत नेले. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या दोषांवर तिथे काम चालते. लालबागला रिक्षा नाहीत, त्यामुळे टॅक्सी, आणि टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी असल्यामुळे चाकांची खुर्ची पुढच्या सीटवर. ही कसरत पुढे आठवड्यातून दोनदा करावी लागली. तिथल्या स्पीच थेरपिस्ट वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. 'पाळी'बद्दल मी संकोचत सांगितले, तेव्हा त्यांनी १८६१ सालची एक हकिकत सांगितली. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात एक माणूस २१ वर्षे राहत होता. त्याला 'ताँ' एवढाच उच्चार येई, तोही बहुधा दोनदा, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारीत. तो दगावल्यावर पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवून दिली. बोलण्याची जागा मेंदूत कुठे असते याचा तो पहिला भक्कम पुरावा मानला जातो. मला त्यातले निराळेच तपशील महत्त्वाचे वाटले. या माणसाचाही उजवा हात गेलेला होता. कशाची संख्या विचारली, तर तो डाव्या हाताची बोटे उघडून मिटून दाखवी, आणि समोरच्याला आपले म्हणणे कळेना झाले की एक शिवी मात्र स्वच्छ हासडी. परत येताना टॅक्सीत मी अण्णांच्या डाव्या हाताकडे पाहत होते.

शिवीचा अनुभव आम्हाला पुढे आलाच. सवयीने तोंडात बसलेले शब्द, म्हणजे पाढे, आरत्या, वारांची नावे आणि शिव्या, हे विचार करून जुळवलेल्या बोलण्यापेक्षा मेंदूत वेगळ्या वाटेने येतात आणि म्हणून बऱ्याचदा वाचतात. एका दुपारी अण्णांना सदऱ्याच्या बाहीत हात घालायला मी घाई केली आणि त्यांच्या तोंडून गिरणीच्या दरवाजावरची अस्सल शिवी, एकही अक्षर न अडखळता, बाहेर पडली. चोवीस वर्षांत या माणसाने मला 'अगं' म्हणूनही मोठ्याने हाक मारली नव्हती. आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. मग मला हसू फुटले, आणि ओठांच्या डाव्या अर्ध्याने तेही हसले. सासूबाई असत्या तर ही शिवी मला कशी पोचवली असती, असा एक भलताच विचार तेव्हा मनात आला.

मी महापालिकेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. माझी शाळा सकाळची आणि यजमानांची नोकरी दुपारची, त्यामुळे घरात कायम कोणीतरी राहील अशी सोय झाली. पण शिक्षिका असण्याचा अण्णांना सुरुवातीला तोटाच झाला. मी शाळेतले चित्रांचे तक्ते घरी आणले आणि ससा, कमळ, बदक यांवर छडी ठेवावी तसे बोट ठेवून विचारू लागले, "हे काय आहे? सांगा बरं." पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवले, दुसऱ्या दिवशी तक्ता डाव्या हाताने भिरकावून दिला. मी थेरपिस्ट बाईंकडे तक्रार केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला उत्तर ठाऊक आहे हे त्यांना माहीत आहे. ही परीक्षा झाली, बोलणं कुठे झालं?" मग ससे आणि बदके शाळेत परत गेली. त्यांच्या जागी मी मोबाइलवर घरातल्या वस्तूंचे फोटो काढले: त्यांचा स्टीलचा पेला, चष्म्याचे घर, गोळ्यांचा डबा, खिडकी, कमोडची खुर्ची, आणि घरातल्या माणसांचे चेहरे. ते मोठे छापून आणून एका वहीत चिकटवले आणि प्रत्येकाखाली ठसठशीत अक्षरात एक शब्द लिहिला. ही वही ते मागून घेत, कारण तिच्यात उत्तर देण्याऐवजी काहीतरी मागण्याची सोय होती.

सर्वांत जास्त फसवले ते 'हो' आणि 'नाही' यांनी. "चहा हवा?" यावर अण्णा मान हलवीत आणि मी चहा ठेवी, कप समोर आला, की हाताने दूर सारीत. आधी वाटले, लहरीपणा. वाचाघातात 'हो' म्हणायचे असताना 'नाही' निघून जाणे, किंवा प्रश्न पुरता न उकलताच मान हलणे, हे नेहमीचे असते, हे मला ठाऊक नव्हते. त्यात आपल्याकडची मान ही मोठी संदिग्ध चीज आहे. होकार, नकार, 'बघू या' आणि 'कळलं, पुढे बोल' या चारही गोष्टी ती थोड्याफार फरकाने एकाच तऱ्हेने सांगते. म्हणून आम्ही मानेवर विसंबणे सोडले. डाव्या हाताचा अंगठा वर म्हणजे हो, तळवा आडवा म्हणजे नाही. शिवाय महत्त्वाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा: आधी "पाय दुखतोय?" आणि थोड्या वेळाने "पाय बरा आहे?" दोन्हींना अंगठा वर आला, तर पहिले उत्तरही धरायचे नाही.

हे शिकायला किती किंमत मोजावी लागली, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑक्टोबरमध्ये अण्णा दोन दिवस जेवण ढकलून देऊ लागले, चिडचिड करू लागले आणि 'पाळी' चढ्या पट्टीत पुन्हा पुन्हा म्हणू लागले. मी डोक्याशी उभी राहून एका दमात विचारले, "अण्णा, पोटात दुखतंय का, भूक नाहीये का, की आजची भाजी आवडली नाही?" त्यांची मान हलली. मी शेवटचा प्रश्न धरला आणि पडवळ बाजूला ठेवून भेंडी केली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना हुडहुडी भरून ताप आला. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झालेला होता. म्हाताऱ्या माणसांत तो अनेकदा जळजळ किंवा ताप दिसण्याआधी वागण्यातल्या बदलातूनच कळतो, असे डॉक्टर म्हणाले. ते दोन दिवस लघवीच्या त्रासाबद्दल सांगत होते आणि मी भाज्या बदलत होते. आठवडाभराच्या औषधांनी ते बरे झाले. मी त्यानंतर एका वेळी एकच प्रश्न, तोही लहान, अशी शिस्त लावून घेतली. आणि प्रश्न विचारून झाला, की मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजायचे, तोवर तोंड उघडायचे नाही. वर्गात चाळीस मुलांसमोर उभे राहणाऱ्या बाईला दहा आकडे गप्प बसणे किती जड जाते, हे शिक्षकच जाणतील. सहा-सातला माझे ओठ आपोआप हलू लागत. पण अण्णांचे उत्तर बहुतेक वेळा आठ आणि नऊच्या दरम्यान येई, म्हणजे इतके दिवस मी ते दर वेळी मध्येच तोडत होते.

कानांचा भाग त्याहून उशिरा उलगडला. अण्णांना समजत नाही असे वाटले, की आम्ही सगळेच आवाज चढवीत असू; दर रविवारी डोंबिवलीहून येणाऱ्या माझ्या नणंदबाईंचा आवाज तर खालच्या मजल्यापर्यंत जाई. तपासणीत दिसले, की त्यांच्या दोन्ही कानांतली उंच पट्टीचे स्वर ऐकण्याची शक्ती पुष्कळ गेलेली आहे. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केलेल्यांचे कान असेच, उंच स्वरांपासून, निकामी होत जातात. बायकांचे आणि मुलांचे आवाज त्यामुळे आधी पुसट होतात, आणि 'स', 'श', 'फ', 'त' यांसारखी मुळातच क्षीण व्यंजने गळून पडतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात, आणि ऐकणाऱ्याला दिसतो तो फक्त आपल्यावर खेकसणारा चेहरा. मी आवाज चढवण्याऐवजी पट्टी खाली आणली, शब्दांमध्ये थोडी जागा सोडली, आणि खिडकीकडे पाठ करून बोलणे बंद केले, कारण तसे उभे राहिले की माझा चेहरा काळोखात जाई. मिक्सर चालू असताना ओट्यापासून प्रश्न विचारणे, ही तर माझी जुनी खोड. ती सुटायला वर्ष गेले. डाव्या कानाला श्रवणयंत्र बसवले आहे, पण गणपतीचे दहा दिवस ते काढूनच ठेवावे लागते. लालबागमध्ये त्या दिवसांत ढोल, ताशे आणि लाउडस्पीकर यांच्यापुढे धडधाकट माणसांचेही बोलणे पोचत नाही.

गंमत म्हणजे, त्या गोंगाटातच एक गोष्ट हाती लागली. त्या वर्षी गणपतीत दुसऱ्या मजल्यावरचे एक काका अण्णांना भेटायला आले. तेही जुने गिरणीकामगार, साचेखात्यातलेच. खाली ताशा चालू होता. काका खुर्ची ओढून समोर बसले, बोलण्याच्या भानगडीत पडलेच नाहीत, आणि त्यांनी मूठ वळून बाहेरच्या बाजूला फिरवली. अण्णांचा डावा हात उठला आणि दोन बोटे हवेत तुटल्यासारखी अलग झाली. काका मोठ्याने हसले. मला नंतर त्यांनी समजावले: शेकडो साचे एकदम चालत, आडवा धागा नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत राही, त्यामुळे शेजारच्या माणसाचे ओरडणेही ऐकू येत नसे, तेव्हा साचेखात्यात सगळे ओठांवरून आणि हातांवरून बोलत. मूठ बाहेर फिरवली की साचा बंद. दोन बोटे अलग केली की सुताची तार तुटली. कपाळावरून आडवे बोट फिरवले की जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, येतोय, जपून. "तुझा सासरा लय बोलायचा हातानं," काका म्हणाले. माझ्या माहितीतले अण्णा बोलके कधीच नव्हते. ही ओळख मला नवीन होती.

थेरपिस्ट बाईंनी मला आधीच सावध केले होते, की अशा आजारात हातवारे करण्याचे कसबही बऱ्याचदा बिघडते, तेव्हा खुणांची भाषा आपोआप मिळेल अशी आशा धरू नये. अण्णांच्या बाबतीत ते अर्धे खरे ठरले. नवीन खुणा त्यांना जमल्या नाहीत. आम्ही औषधासाठी ठरवलेली खूण ते तासाभरात विसरत. पण गिरणीतल्या पाच-सहा खुणा, ज्या एके काळी उजव्या हाताने होत, त्या डाव्या हाताने थोड्या वेड्यावाकड्या का होईना, पण उमटत. 'तार तुटली' म्हणजे काहीतरी बिघडले, दुखते आहे. 'जॉबर येतोय' ही खूण ते नणंदबाई दारात दिसल्या की करतात, आणि ती मी त्यांना कधीही समजावून सांगितलेली नाही.

आकड्यांनीही वेगळीच वाट काढली. शेजारचे पोर गॅलरीत पाढे म्हणत असताना अण्णा खाटेवरून त्याच्याबरोबर 'बे एके बे' पासून सरळ म्हणत गेले, आणि आम्ही सगळे दारात गोळा झालो. पण "बे दुणे किती?" असे एकटे विचारले, की शुकशुकाट. एकपासून सुरुवात केली तर आकडे रांगेने येतात, रांगेतला एकटा आकडा उचलून देता येत नाही. म्हणून "किती पोळ्या?" असे विचारून मी बोट पुढे करते, ते "एक, दोन" म्हणत येतात आणि हव्या त्या आकड्यावर माझे बोट दाबतात. कधी कधी गाडी स्टेशनात थांबतच नाही आणि दोन पोळ्यांऐवजी सातपर्यंत जाते. मग दोघेही पुन्हा एकपासून.

भेटायला येणाऱ्यांविषयी एक राग मनात आहे, तो लिहून टाकते. आपल्याकडे आजारी माणसाच्या खाटेशी येऊन पहिला प्रश्न असतो, "ओळखलंत का मला? सांगा बरं मी कोण?" अण्णा ओळखतात. नाव तोंडातून निघत नाही. समोरचा माणूस दोन क्षण थांबतो आणि माझ्याकडे वळून हळहळतो, "नाही हो ओळखलं." जो माणूस गिरणीच्या दरवाजावर तुमच्या वडिलांबरोबर उभा होता, त्याला स्वतःच्याच घरात नापास करून लोक निघून जातात. आता मी दारातच सांगते, की आत गेल्यावर आधी स्वतःचे नाव सांगा, कुठले ते सांगा, आणि मग त्यांना काही सांगा, विचारू नका. नणंदबाईंना ते पटलेले नाही.

स्वतःबद्दलही सांगितले पाहिजे. शाळा, स्वयंपाक, औषधे, कपडे बदलणे हे सगळे उरकून रात्री अण्णांचे 'पाळी' सुरू झाले, की मी पुष्कळदा न समजताच "हो हो अण्णा, करू आपण" म्हणून मोकळी होई. त्यांना ते लगेच कळे. शब्द उकलणे जड झालेल्या माणसाला आवाजातला खोटेपणा मात्र बरोबर ऐकू येतो, हे मी अनुभवाने सांगते. एकदा त्यांनी माझे मनगट घट्ट धरून ठेवले आणि 'पाळी' खालच्या, सपाट आवाजात म्हटले, म्हणजे नेमके काय ते न सांगताही मला समजले. तेव्हापासून मी सरळ सांगते, "अण्णा, मला कळलं नाही. आज मी दमलेय, उद्या पुन्हा बघू." त्यांना हे चालते. आणखी एक: एकाच शब्दाला त्यांचे सूर निराळे आहेत. लांबवलेले 'पाऽऽळी' म्हणजे कोणीतरी इकडे या, भराभर तीनदा म्हटले तर कमोडची खुर्ची, आणि शेवटी खाली उतरणारे म्हणजे पुरे आता. हे सूर माझ्या मुलाने माझ्या आधी ओळखले.

नुसत्या अंदाजांच्या फैरी झाडण्यापेक्षा मोठ्या गोष्टीकडून लहान गोष्टीकडे यायचे, ही पद्धत थेरपिस्ट बाईंनी शिकवली आणि आम्ही ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. माणूस की वस्तू? घरातले की बाहेरचे? आत्ताचे की आधीचे? प्रत्येक शब्द कागदावर सुटा लिहायचा, दोन्हींवर बोट ठेवायचे आणि थांबायचे. या वाटेने आम्ही एकदा चाळीस मिनिटांनी पोचलो ते सासूबाईंच्या वर्षश्राद्धापाशी; कॅलेंडरवर तिथीचा चौकोन अण्णांनी स्वतः दाखवला, आणि मी ती तिथी विसरले होते.

तीन वर्षे झाली. पहिल्या सहा महिन्यांत जी सुधारणा झपाट्याने झाली ती आता मुंगीच्या पावलांनी चालते. चहा, पाणी, नको आणि नातवाचे नाव, एवढे शब्द 'पाळी'च्या जोडीला आले आहेत. मला हाक मारण्याचा शब्द आलेला नाही. तो आधीही नव्हताच.

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांनी मला बोलावले. वहीतली पाने झाली, माणूस-वस्तू झाले, कॅलेंडर झाले, 'तार तुटली' का म्हणून अंगभर हात लावून पाहून झाले. ते खिडकीकडे हात करीत, मी खिडकी उघडे, ते तळवा आडवा करीत. खिडकी बंद केली तरी तळवा आडवाच. यजमान कामावरून आले, त्यांनी प्रयत्न केला. साडेअकराला अण्णांनी आमच्या दोघांकडे पाहिले, डावी मूठ बाहेरच्या बाजूला फिरवली, साचा बंद, आणि भिंतीकडे तोंड केले.

सकाळी सहाला शाळेची पिशवी दाराशी ठेवून मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. दिवा लावला, श्रवणयंत्र कानात घातले, आणि माझ्या चेहऱ्यावर उजेड पडतो आहे ना ते पाहून घेतले.

"अण्णा, रात्रीचं राहिलंय आपलं. माणसाबद्दल होतं, का वस्तूबद्दल?"

दोन्ही शब्द लिहून कागद त्यांच्या हाताजवळ सरकवला आणि मी मनात आकडे मोजू लागले.